अमेरिकी सैन्याची बोनस-वसुली: घेताना चपळ, ऐकताना बहिरी

ही सेवा कुणी मागवत नाही, ती आपोआप दारात येते. अमेरिकी सैन्यात किंवा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याराज्यांच्या राखीव दलात, भरती होताना, किंवा मुदत संपल्यावर पुन्हा करार करताना सैनिकाला बोनस मिळतो. पुढे कधीतरी, काही वेळा दहा वर्षांनीही, खातं कळवतं की हा पैसा तुम्हाला मिळायलाच नको होता, किंवा एवढा मिळायला नको होता, तेव्हा परत करा. मग जे यंत्र सुरू होतं, त्याचं हे परीक्षण आहे. या यंत्रात राज्याच्या गार्डचं बोनस कार्यालय येतं, डिफेन्स फायनान्स अँड अकाउंटिंग सर्व्हिस, म्हणजे सैनिकांच्या पगाराचा हिशेब पाहणारं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं डीफॅस येतं, शेवटी अमेरिकेचं अर्थखातं येतं, आणि दाद मागायच्या चार वेगवेगळ्या खिडक्या येतात.

गुण आधीच सांगून टाकतो. वसुलीला पाचपैकी साडेचार. दाद ऐकण्याला पाचपैकी एक, आणि तो एकही कॅलिफोर्नियातल्या वसुलीवरून २०१६मध्ये उठलेल्या गदारोळानंतर कायद्यात झालेल्या दुरुस्त्यांमुळे. ज्यांच्या घरातलं कुणी अमेरिकी सैन्यात आहे किंवा होतं, त्यांनी हे पत्र येण्याआधी वाचलेलं बरं. पत्र आल्यावर हाताशी साधारण तीस दिवस असतात.

देणं दोन जातींचं असतं

सगळा घोळ इथून सुरू होतो, आणि पत्रात हा फरक कुणी धड सांगत नाही.

पहिली जात: बोनस देताना सगळं रीतसर होतं, पण सैनिकानं कराराची मुदत पूर्ण केली नाही. अशा वेळी न कमावलेला भाग परत मागितला जातो, आणि तो महिन्यांच्या हिशेबानं काढतात. समजा, सहा वर्षांच्या, म्हणजे ७२ महिन्यांच्या करारावर १५,००० डॉलर मिळाले आणि ४८ महिन्यांनी सैनिक मान्य कारणाशिवाय बाहेर पडला. २४ महिने राहिले, म्हणजे एक तृतीयांश. परत करायचे ५,००० डॉलर. याचा आधार वेतनविषयक कायद्याचं, अमेरिकी संहितेच्या ३७व्या शीर्षकाचं कलम ३७३. हिशेब सरळ आहे, आणि तत्त्व म्हणून त्यात फार काही वावगं नाही.

दुसरी जात: खातं म्हणतं की सैनिक त्या बोनसला पहिल्या दिवसापासूनच अपात्र होता. त्याचं काम माणसं कमी असलेल्या कामांच्या यादीत नव्हतं, त्याची सेवा ठरलेल्या वर्षांपेक्षा जास्त झाली होती, कराराला जोडलेल्या बोनसच्या जोडपत्रावर सही नव्हती, किंवा सही होती पण तारीख करारानंतरची होती. इथं महिन्यांचा हिशेब चालत नाही. ७२च्या ७२ महिने नोकरी केली, मध्ये इराक किंवा अफगाणिस्तानची फेरी झाली, तरी मागणी पूर्ण १५,०००ची. सरकारनं सैनिकाकडून ठरलेलं काम शेवटच्या दिवसापर्यंत करून घेतलेलं असतं आणि मोबदला मात्र परत हवा असतो. अन्याय म्हणतात तो मुख्यतः या दुसऱ्या जातीत आहे.

अपात्र ठरण्याची कारणं पाहिली की त्यात सैनिकाचा हात किती कमी असतो ते दिसतं. गार्डमध्ये प्रत्येक बोनसला एक नियंत्रण क्रमांक लागतो. तो राज्याच्या कार्यालयानं काढायचा असतो. क्रमांक उशिरा काढला, किंवा काढलाच नाही, तर पुढे लेखापरीक्षक करार सदोष ठरवतो. जोडपत्र, ज्याला तिथं सगळे ॲडेंडम म्हणतात, ते भरतीचा सार्जंट भरतो; सैनिक दाखवलेल्या जागी सही करतो. कामाचा संकेतांक आणि युनिटमधली जागा यांचा मेळ बसला नाही, तर तीही कारकुनाची चूक. सैनिकाच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टी दोन-तीनच: युनिट किंवा काम बदलणं, शारीरिक चाचणीत वारंवार नापास होणं, आणि गार्डमध्येच पूर्णवेळ नोकरी पत्करणं. ही शेवटची गोष्ट अनेकांना गोत्यात आणते. बढती म्हणून घेतलेली पूर्णवेळ जागा बोनसचा करार संपवू शकते. वसुलीसकट की वसुलीशिवाय, हे कराराचे किती महिने झाले होते यावर ठरतं. म्हणून नवी जागा स्वीकारण्याआधी जोडपत्रातला 'करार-समाप्ती' हा भाग ओळ न ओळ वाचावा आणि बोनस कार्यालयाकडून उत्तर लेखी घ्यावं.

शिक्षणकर्ज फेडण्याच्या योजनेत याहून विचित्र प्रकार होतो. तिथं पैसा सैनिकाच्या हातात येतच नाही, तो थेट कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जातो. तरी अपात्र ठरल्यावर देणं सैनिकाच्या नावावर लागतं. ही योजना गार्डमध्ये ५०,००० डॉलरपर्यंत जाते, त्यामुळे सगळ्यात मोठ्या रकमांची पत्रं बहुतेक याच खात्यातली असतात.

कॅलिफोर्नियात यंत्र कसं चाललं

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत माणसं कमी पडू लागली, तेव्हा भरतीचे आकडे गाठण्यासाठी बोनस सढळ हातानं वाटले गेले. पुन्हा करार करणाऱ्याला १५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त, आणि तेही पुष्कळदा एकरकमी. कॅलिफोर्निया नॅशनल गार्डमध्ये या वाटपाची व्यवस्था पाहणारी मास्टर सार्जंट खोटे दावे मंजूर करत होती. २०१०मध्ये सॅक्रामेंटोच्या वृत्तपत्रानं प्रकरण बाहेर काढलं, २०११मध्ये तिनं १ कोटी ५२ लाख डॉलरच्या खोट्या दाव्यांबद्दल गुन्हा कबूल केला आणि तिला ३० महिन्यांची कैद झाली. काही अधिकाऱ्यांनीही गुन्हे कबूल केले.

इथवर ठीक. पण त्यानंतर कॅलिफोर्निया गार्डनं ४२ लेखापरीक्षक बसवून सुमारे १४,००० सैनिकांची कागदपत्रं चाळली, आणि ते काम सप्टेंबर २०१६पर्यंत चाललं. लॉस एंजेलिस टाइम्सनं २२ ऑक्टोबर २०१६ला छापलं तेव्हा सुमारे ९,७०० आजी-माजी सैनिकांना बोनसचा काही भाग किंवा पूर्ण रक्कम परत करायला सांगितलं गेलं होतं, आणि २ कोटी २० लाख डॉलरच्या वर वसूलही झाले होते. पैसे न भरणाऱ्यांना व्याज लागलं, पगार कापले गेले, मालमत्तेवर बोजे चढले. घोटाळा करणारे मोजके होते. वसुली झाली ती दहा वर्षांपूर्वी दाखवल्या जागी सही करणाऱ्यांकडून.

सेवा म्हणून पाहायचं तर या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगाची आहे. सैनिक वर्षानुवर्षं एकेकटे अपिलं करत होते, तेव्हा फायली हलत नव्हत्या. बातमी छापली गेली आणि चार दिवसांत, २६ ऑक्टोबरला, संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी वसुली स्थगित केली आणि सगळी प्रकरणं १ जुलै २०१७पर्यंत निकाली काढण्याचा आदेश दिला. पेंटागॉननं सुमारे साडेसतरा हजार प्रकरणं तपासायला घेतली आणि त्यांतली बहुसंख्य पहिल्या चाळणीतच सोडून दिली. म्हणजे एवढी प्रकरणं सोडून देण्यासारखी आहेत हे ठरवण्याची क्षमता यंत्रात होती. ती वापरायची सवय नव्हती.

२३ डिसेंबर २०१६ला सही झालेल्या संरक्षण कायद्यात कॅलिफोर्नियासाठी खास तरतूद आली. २००४ ते २०१५ या काळातल्या बोनस आणि कर्जफेडीबद्दल नियम असा, की आपण अपात्र आहोत हे सैनिकाला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, असं पुराव्यानं दिसलं तरच वसुली. पुराव्याचं ओझं सैनिकाच्या खांद्यावरून उतरलं. मात्र ही तरतूद नावानिशी कॅलिफोर्निया गार्डची आहे. दुसऱ्या राज्यातल्या सैनिकाला त्याच प्रकारचं पत्र आलं, तर त्याला जुन्याच खिडक्यांवर रांग लावावी लागते, आणि तिथं आपली बाजू त्यालाच सिद्ध करावी लागते. या सेवेला एक गुण देताना हात आखडतो तो याच कारणानं.

पत्र आल्यावर पहिले तीस दिवस

पत्र नोंदीतल्या शेवटच्या पत्त्यावर जातं. नोकरी सोडून घर बदललेल्या माणसाला ते मिळतच नाही, आणि देणं असल्याचं पहिल्यांदा कळतं ते आयकराचा परतावा गायब झाल्यावर. म्हणून सैन्य सोडल्यानंतरही डीफॅसकडे पत्ता चालू ठेवणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय आहे.

पत्र हातात आल्यावर पैसे भरण्याआधी किंवा रागानं उत्तर लिहिण्याआधी एकच काम करायचं: देण्याची कागदपत्रं लेखी मागायची. वेतन-दुरुस्तीचा आदेश, म्हणजे डीडी फॉर्म १३९, कुणी काढला, कोणत्या तारखेला, कोणतं कारण लिहून, आणि रक्कम कशी काढली. या फॉर्मवरच्या कारणाच्या एका ओळीत देणं पहिल्या जातीचं की दुसऱ्या हे कळतं. सुनावणी किंवा फेरतपासणी मागायची तर तीही याच मुदतीत मागावी. उशीर झाला की वसुली थांबवण्याचं बंधन यंत्रावर राहत नाही.

त्याच आठवड्यात आपले कागद जमवायला घ्यावेत. मूळ भरतीचा करार, म्हणजे डीडी फॉर्म ४. मुदतवाढ घेतली असेल तर डीए फॉर्म ४८३६. बोनसचं जोडपत्र. ज्या महिन्यात बोनस जमा झाला त्या महिन्याचं वेतनपत्रक. युद्धक्षेत्रात गेल्याचे आदेश. सेवामुक्तीचं डीडी २१४ किंवा गार्डचं एनजीबी २२. आपल्याकडे प्रती नसतील तर एसएफ १८० या फॉर्मवर राष्ट्रीय अभिलेखागाराकडून मागवता येतात, पण त्याला वेळ लागतो, आणि गार्डच्या काळातले कागद पुष्कळदा राज्याकडेच अडकलेले असतात. तेव्हा दोन्हीकडे एकदमच मागणी टाकावी.

जोडपत्र खुद्द खात्याच्या फाइलमध्ये नाही असं आढळलं तर घाबरायचं कारण नाही, पण खूश व्हायचंही नाही. कागद नाही म्हणून देणं रद्द, असं इथं होत नाही. कागद नाही म्हणून बोनस बेकायदा, असं होतं. अशा वेळी आपल्या कपाटातली एक जुनी प्रत शंभर युक्तिवादांना भारी पडते. आज जे करार करत आहेत त्यांनी जोडपत्राची प्रत, नियंत्रण क्रमांक आणि तारीख दिसेल अशी, स्वतःकडे ठेवावी. सैन्याच्या संगणकावर भरवसा ठेवू नये.

चार खिडक्या, आणि चुकीच्या खिडकीवर उभं राहण्याची किंमत

दाद मागायचे मार्ग चार आहेत. ते एकमेकांचे पर्याय वाटतात, पण तसे नाहीत. बहुतेक अर्ज फेटाळले जातात ते मजकूर वाईट म्हणून नव्हे, तर खिडकी चुकली म्हणून.

गार्डच्या सैनिकासाठी पहिली खिडकी म्हणजे धोरणातून अपवाद. करारात कारकुनी दोष असेल, म्हणजे क्रमांक उशिरा, तारीख पुढची, सही राहिलेली, तर सैनिक युनिटमार्फत राज्याच्या बोनस व्यवस्थापकाकडे आणि तिथून नॅशनल गार्ड ब्युरोकडे, म्हणजे गार्डच्या केंद्रीय मुख्यालयाकडे, अपवाद मागतो. ब्युरोनं मान्य केलं तर करार वैध ठरतो आणि देणंच उरत नाही. दुसऱ्या जातीच्या देण्यात आधी हीच खिडकी. अडचण अशी, की प्रस्ताव पुढे सरकवायचा असतो त्याच कार्यालयानं, ज्यानं मूळ चूक केलेली असते. निवृत्त माणसाचा प्रस्ताव नेणारं युनिटही उरलेलं नसतं. तरी नकार लेखी मिळवावा. पुढच्या खिडकीवर तो लागतो.

दुसरी खिडकी वेव्हरची, म्हणजे चुकीनं दिलेल्या रकमेची वसुली माफ करण्याची. अर्ज डीडी फॉर्म २७८९वर. कायदा शीर्षक १०चं कलम २७७४, आणि गार्डसाठी शीर्षक ३२चं कलम ७१६. इथली अट नीट लक्षात घ्यावी: रक्कम देतानाच चुकीची दिलेली असली पाहिजे. बोनस देताना बरोबर होता आणि नंतर करार मोडला, तर ते चुकीचं देणं ठरत नाही, आणि वेव्हर मिळूच शकत नाही. म्हणजे पहिल्या जातीच्या देण्यासाठी हा फॉर्म भरणं व्यर्थ आहे. तरी शेकड्यांनी लोक भरतात, कारण पत्रासोबत बहुधा याच फॉर्मचं नाव येतं. चूक उघडकीस आल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो.

वेव्हरमध्ये पाहतात ते एवढंच: फसवणूक, खोटी माहिती, दोष किंवा सद्भावनेचा अभाव सैनिकाकडे होता का, आणि वसुली न्यायबुद्धीला धरून आहे का. पैशाची ओढाताण हा मुद्दा इथं धरतच नाहीत. पैसे खर्च झाले हेही उत्तर नाही. अर्जाची तीन पानं घराच्या हप्त्यांवर आणि मुलांच्या शाळेवर खर्च करणारा माणूस प्रामाणिक असतो, पण त्यानं चुकीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं असतं. इथं लिहायचं असतं ते असं: त्या वेळी हुद्दा कोणता, सेवा किती वर्षांची, बोनसचे नियम कुणी समजावले, काय शब्दांत, कागद कुणी भरला, शंका विचारली होती का, विचारली तर कुणाला. अपिलावर निर्णय देणारं कार्यालय एक गोष्ट हमखास पाहतं, ती म्हणजे सैनिकानं आपलं वेतनपत्रक तपासायला हवं होतं. नवख्या शिपायाला यात सवलत मिळते. अठरा वर्षं झालेल्या सार्जंटला 'तुम्हाला कळायला हवं होतं' असं ऐकावं लागतं. तेव्हा ज्येष्ठ माणसानं हा आक्षेप अर्जातच ओळखून त्याचं उत्तर द्यावं. भरती-सार्जंटचं पत्र, जुना ईमेल, त्याच दिवशी सही केलेल्या सहकाऱ्याचं शपथपत्र, काहीही चालतं. आणि चूक झाल्याचं कळल्यानंतर आलेला पैसा बाजूला ठेवावा. त्या रकमेवर वेव्हर मिळत नाही.

पहिली छाननी डीफॅसच करतं. वसूल करणाराच माफीचा पहिला वाचक, ही रचना मुळात खटकणारी आहे. नकार आला तर तीस दिवसांत डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्सकडे जाता येतं. वेव्हर मंजूर झाला आणि रक्कम आधीच भरलेली असेल, तर ती परत मिळते, पण आपोआप नाही. वेव्हरच्या तारखेपासून दोन वर्षांत परतावा मागावा लागतो.

तिसरी खिडकी रेमिशनची. सैन्यदलात डीए फॉर्म ३५०८, नियमावली एआर ६००-४. इथं देणं बरोबर आहे हे मान्य करून ते सोडून देण्याची विनंती असते, म्हणून पहिल्या जातीच्या देण्याला ही खिडकी उघडी असते. वेव्हरमध्ये जे चालत नाही ते इथं चालतं: आर्थिक हलाखी आणि अन्याय हे दोन्ही मुद्दे इथं मोजले जातात. म्हणून उत्पन्न-खर्चाचा तक्ता, कर्जाचे हप्ते, वैद्यकीय बिलं सगळं जोडावं. मात्र विचार मुख्यतः शिल्लक रकमेचा होतो. जितका उशीर, तितकं माफ होण्यासारखं कमी उरतं. नोकरीत असलेल्या सैनिकानं कमांडरकडून निर्णयापर्यंत कपात थांबवून घ्यावी. नुसता अर्ज केला म्हणून वसुली आपोआप थांबते, असा समज ठेवू नये. हे वेव्हरलाही लागू आहे.

चौथी खिडकी अभिलेख-दुरुस्ती मंडळाची, डीडी फॉर्म १४९. ही सगळ्यात बलवान आणि सगळ्यात संथ. मंडळ जुना कागदच दुरुस्त करू शकतं: जोडपत्राची तारीख, कराराचा संकेतांक, सेवासमाप्तीचं कारण. कागद दुरुस्त झाला की देण्याचा पायाच जातो. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो, पण न्यायाच्या हितासाठी उशीर माफ होतो, आणि बोनसच्या प्रकरणांत तो मागायला संकोच करू नये. कायद्यानं मंडळावर बंधन आहे की ९० टक्के प्रकरणं दहा महिन्यांत आणि प्रत्येक प्रकरण अठरा महिन्यांत संपवावं. म्हणजे वर्ष-दीड वर्ष धरूनच चालावं. वसुली तोवर थांबत नसल्यामुळे हा अर्ज एकटा टाकू नये. सोबत कपात स्थगितीची विनंती असावी.

दुसऱ्या जातीच्या देण्याला क्रम असा: अपवाद, मग वेव्हर, मग मंडळ. पहिल्या जातीच्या देण्याला रेमिशन, मग मंडळ. खासदाराच्या कार्यालयाकडे जाणं ही पाचवी खिडकी नाही, पण ते उपयोगी आहे. गोपनीयतेच्या संमतीपत्रावर सही करून दिली की त्या कार्यालयाचं पत्र संस्थेकडे जातं आणि फाइल कुठं आहे एवढं तरी समजतं. निकाल त्यानं बदलत नाही.

काही केलं नाही तर

इथं यंत्राचं कौशल्य खरं दिसतं. मुदत उलटली की व्याज चढतं, नव्वद दिवसांनंतर थकबाकीवर वर्षाला सहा टक्के दंड लागतो, आणि १२० दिवस झाले की प्रकरण अर्थखात्याकडे जातं. तिथं गेल्यावर वसुलीचं शुल्कच देण्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास चढतं; म्हणजे १५,०००च्या देण्यावर साधारण साडेचार हजार नुसता खर्च. आयकराचा परतावा पूर्ण जातो. खासगी नोकरीतल्या पगारातून, न्यायालयात न जाता, हातात येणाऱ्या रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत कपात होते. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, रकमेवरही हात पडतो. दिवाळखोरी जाहीर करून सुटू म्हणणाऱ्यानं हेही वाचावं: करार संपल्यापासून पाच वर्षांच्या आत मिळालेल्या दिवाळखोरीच्या आदेशानं कलम ३७३खालचं देणं सुटत नाही.

नोकरीत असलेल्यांना थोडं संरक्षण आहे. स्वतःची चूक नसताना जास्त मिळालेल्या पगाराची वसुली दरमहा वेतनाच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. पत्रात याहून मोठा हप्ता दिसला तर लगेच लेखी हरकत घ्यावी. जास्त वेगानं कपातीला संमती देणारा कागद न वाचता सही करू नये. सैन्य सोडलेल्यांना हप्ते बांधून मिळतात, साधारण तीन वर्षांत फिटतील असे, आणि ते १२० दिवसांच्या आत बांधले तर अर्थखात्याचा फेरा टळतो. हप्ते सुरू केले म्हणून वेव्हरचा हक्क जात नाही. दोन्ही एकदम चालवावं.

दहा वर्षांपूर्वीचं देणं आता कसं काढतात, असा प्रश्न हमखास येतो. सरकारी देण्याची परस्पर वजावट करायला पूर्वी दहा वर्षांची मर्यादा होती, ती २००८मध्ये काढली गेली. कॅलिफोर्नियानंतरच्या कायद्यात, सैनिकाचा दोष नसलेल्या जादा रकमेपुरती, दहा वर्षांत वसुली सुरू झालीच पाहिजे असं कलम आलं. त्याचा आधार घेण्याआधी ते कोणत्या तारखेच्या देण्याला लागतं हे मूळ मजकुरात पाहून मगच पत्रात लिहावं.

जखमींचा नियम, आणि कर

युद्धात जखमी होऊन सेवा संपली तर? कलम ३७३मध्ये स्पष्ट आहे: स्वतःच्या गैरवर्तनाशिवाय आलेला मृत्यू किंवा युद्धाशी संबंधित अपंगत्व असेल तर परतफेड मागायची नाही, उलट राहिलेला बोनसही द्यायचा. नियम चांगला आहे, पण तो कागदावर यायला फार उशीर झाला. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००६च्या अहवालात, इराक-अफगाणिस्तानात जखमी किंवा मृत झालेल्या सुमारे १,३०० सैनिकांच्या नावावर १५ लाख डॉलरहून जास्त लष्करी देणी दाखवलेली होती. त्यांत सुमारे ४०० जण मरण पावलेले होते. ती सगळी बोनसची नव्हती, पण देणी तयार करणारं यंत्र तेच. आजही सेवासमाप्तीच्या कागदावर कारणाचा संकेतांक चुकला तर संगणक जखमी माणसालाही 'मुदत अपूर्ण' म्हणून पत्र पाठवू शकतो. अशा वेळी वेव्हरच्या भानगडीत न पडता वैद्यकीय मंडळाचा निर्णय आणि डीडी २१४ जोडून देणंच अमान्य करावं.

कराचा भाग कुणी सांगत नाही, आणि तिथं खरा पैसा जातो. बोनस देताना संघराज्याचा आयकर आधीच कापलेला असतो. २०१७पर्यंत तो २५ टक्के होता, नंतर २२. म्हणजे १५,०००पैकी हातात आले ११,२५०, राज्याचा कर वेगळा. वसुली पुढच्या एखाद्या वर्षात झाली तर मागतात पूर्ण १५,०००. हा ३,७५०चा फरक डीफॅस परत देत नाही, तो आयकर विवरणपत्रातून सोडवायचा असतो. वर्षभरात परत केलेली रक्कम ३,००० डॉलरच्या वर असेल, तर करसंहितेच्या कलम १३४१खाली वजावट किंवा मूळ वर्षाच्या कराइतकी सूट, यांतलं जे फायद्याचं असेल ते घेता येतं. पद्धत आयकर खात्याच्या प्रकाशन ५२५मध्ये आहे. इथं हप्त्यांचं नियोजन कामाला येतं. ९,००० डॉलर तीन वर्षांत समान हप्त्यांनी भरले तर कोणत्याच वर्षी रक्कम ३,०००च्या वर जात नाही आणि सवलत हातची जाते. तेच दोन वर्षांत भरले तर मिळते. युद्धक्षेत्रात सही केलेला बोनस करमुक्त असतो, त्याला यातलं काही लागू नाही. बाकीच्यांनी डीफॅसकडून दर वर्षी किती वसूल झाले याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, आणि कर भरणाऱ्या सल्लागाराला कलमाचा क्रमांक स्वतःच सांगावा.